शेंगदाण्याचा प्रवास आणि थाई पद्धतीचा झटपट सॉस



थाई पद्धतीच्या शेंगदाण्याच्या सॉसवर लिहायचे बरेच दिवस मनात होते. मुले, सुना, नातवंडे बाहेर कुठेतरी तो खाऊन येतात आणि घरी करायला सांगतात. मग घरात दोन बाजू पडतात. मोठ्यांचे म्हणणे असते की हे परदेशी खाणे आपल्या चौक्यात कशाला. धाकट्यांचे म्हणणे असते की लसूण नाही, मासळीचे पाणी नाही, मग ते थाई कसले, ती तर आपली दाण्याची आमटीच झाली. दोन्ही वाक्ये माझ्या स्वयंपाकघरात एकाच संध्याकाळी ऐकलेली आहेत. म्हणून नुसती कृती न देता, हा पदार्थ कुठून आला ते आधी सांगते. जमाखर्च मांडताना प्रत्येक नोंदीला पावती लागते, ही वाणिज्य शाखेची सवय मला अजून सुटलेली नाही.

सुरुवात शेंगदाण्यापासूनच करावी लागेल, कारण आपल्यात पहिला प्रश्न तोच येतो : जमिनीखाली येतो, मग तो कंदमूळ का नाही?

भुईमुगाचे झाड ज्यांनी शेतात पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. फूल वर येते, पानांच्या बेचक्यात, छोटे पिवळे. ते फळले की त्याच्या बुडातून एक दोऱ्यासारखा देठ निघतो आणि खाली वळून मातीत शिरतो. आपल्याकडचे शेतकरी याला 'आऱ्या सुटणे' म्हणतात. त्या आरीच्या टोकाला मातीत शेंग भरते. म्हणजे बटाटा हा जमिनीतला खोडाचा भाग, गाजर-मुळा ही मुळे, पण शेंगदाणा हे बी. तूर, हरभरा, मूग यांच्याच कुळातले. मूळ वेगळे असते, त्याला बारीक गाठी असतात, आणि ते आपण खात नाही. शेंग पिकली की दाणा वाळतो, वेगळा होतो, टरफलात सुटा वाजतो. कंदमुळाला जो अनंतकायाचा दोष सांगितला आहे तो कंदाला आणि मुळाला, वाळलेल्या बियाला नाही. म्हणूनच आपल्या बहुतेक घरांत दाण्याचे कूट चालते. तरीही काही जणींचा शेंगदाण्याचा त्याग असतो, काही जणी ओल्या शेंगा घेत नाहीत. ज्यांचा नियम असेल त्यांनी नियमच पाळावा. पुढे दिलेल्या कृतीत भाजलेले तीळ घातले तरी सॉस छान होतो, पण थोडा कडसर लागतो, म्हणून गूळ अर्धा चमचा जास्त घालायचा.

या आऱ्यांचे नवल जगभरच्या लोकांना वाटलेले दिसते. चिनी भाषेत शेंगदाण्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'फूल गळून जन्मलेले' असा होतो. मलय भाषेत त्याला 'काचांग ताना' म्हणतात, म्हणजे जमिनीतली शेंग. आपला भुईमूग तोच विचार करून बनलेला शब्द. मेक्सिकोतले जुने लोक त्याला 'जमिनीतला कोको' म्हणत. कुणी कुणाचे पाहून नाव ठेवलेले नाही, ज्याने ते झाड उपटून पाहिले त्याला तेच सुचले. आणि काही नावे तर प्रवासाचा पत्ताच सांगतात. तमिळमध्ये शेंगदाण्याला 'मणिलाक्कोट्टै' असेही म्हणतात, म्हणजे मनिलाचे बी. बंगालीत तो 'चिनाबादाम'. मनिला म्हणजे फिलिपिन्स, आणि चीन तर चीनच. आपल्या देशात हा दाणा एकाच दारातून आला नाही, हे या दोन नावांतूनही कळते.

पण मनिलाही त्याचे माहेर नव्हे. माहेर दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा वायव्य भाग जिथे मिळतात तिथले. दोन रानटी जातींचा आपोआप संकर होऊन आपला भुईमूग झाला, असे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. तिथे तो किती मानाचा होता ते पाहायचे तर पेरू देशातल्या सिपान या गावी जावे लागेल. तिथे १९८७ साली वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाने मोचे लोकांच्या एका राजाची समाधी खणून काढली. साधारण सतराशे वर्षांपूर्वीची. त्या राजाच्या गळ्यात शेंगांची माळ होती : दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या, टरफलावरच्या रेघांसकट घडवलेल्या. मी तिचे छायाचित्र पाहिले तेव्हा आधी आपल्या बोरमाळेची आठवण झाली. बोर काय, जव काय, शेंग काय, रोज हाताळलेल्या धान्या-फळांचेच दागिने बायका-पुरुषांनी केले.

कोलंबसानंतर हे दाणे जहाजांत चढले. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आफ्रिकेकडे आणि पुढे पूर्वेकडे नेले. स्पॅनिश लोकांची मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरापासून मनिलापर्यंत गलबते चालत, १५६५ पासून थेट १८१५ पर्यंत. त्यांत मुख्य माल चांदीचा, पण खलाशांच्या शिध्यात आणि पेट्यांत बी-बियाणेही असे. मिरची, मका, पेरू, सीताफळ, काजू, टोमॅटो हे सगळे असेच अमेरिकेतून आलेले पाहुणे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' नावाचा पाककलेचा ग्रंथ आहे. मंगरस नावाच्या जैन कवीने तो १५०८ च्या सुमारास पद्यात लिहिला. त्यात वांग्याचे, फणसाचे, केळ्याचे कितीतरी प्रकार आहेत, पण मिरची नाही आणि शेंगदाणाही नाही. असणार कसे? गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेला १५१० मध्ये. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या श्रावकाच्या चौक्यात तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आणि कूट घालायचे तर तिळाचे किंवा खोबऱ्याचे. ज्यांना वाटते की शेंगदाणा आपला आणि थाई सॉस परका, त्यांनी हे लक्षात घ्यावे. शेंगदाण्याशिवाय सोलापूरची चटणी ओळखू येईल का? साबुदाण्याची खिचडी होईल का? आणि साबुदाणासुद्धा आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो अमेरिकेतलाच, शिवाय कंद, म्हणून आपल्यात कित्येक घरांत तो वर्ज्यच. पण तो विषय वेगळा, त्यात शिरले तर आज सॉस व्हायचा नाही.

ज्या अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानेच दुसऱ्या वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का घेतले. मलाक्का म्हणजे आजच्या मलेशियातले बंदर. तिथूनच लगोलग त्याने दुआर्ते फर्नांडिस नावाचा वकील सयामच्या राजधानीत, आयुथ्यात, पाठवला. सयाम हे थायलंडचे जुने नाव आणि आयुथ्या हे आपल्या अयोध्येचे रूप. पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार पुढे गोव्यातून चाले. म्हणजे कोकण किनारा आणि सयाम हे व्यापाराच्या एकाच दोरीत ओवले गेले. मिरची आयुथ्याला पोचली ती या पोर्तुगीजांबरोबरच, असे मानतात. त्याआधी तिथेही तिखटपणा मिरीचाच होता. आज थाई स्वयंपाक मिरचीशिवाय डोळ्यांसमोर येत नाही, जसा आपला कोल्हापुरी येत नाही.

आता खुद्द सॉसकडे. थायलंडमध्ये त्याला 'नाम चिम सते' म्हणतात, म्हणजे सते बुडवून खायची चटणी. सते हा मांसाच्या तुकड्यांचा, काडीला टोचून भाजलेला प्रकार. तो मूळचा जावा बेटावरचा, तिथून मलय मुलखात आणि मग दक्षिणेकडून थायलंडमध्ये आला. त्या तुकड्यांशी आपल्याला कर्तव्य नाही. पण जावामध्येच शेंगदाण्याच्या याच चटणीचे असे प्रकार आहेत ज्यांचा मांसाशी संबंध नाही. 'पचेल' म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्ये, वर शेंगदाण्याची पातळ चटणी. 'गाडो-गाडो' म्हणजे मिसळ, त्यात भाज्या, टोफू, आणि वर पुन्हा तीच चटणी. (पारंपरिक गाडो-गाडोत उकडलेले अंडे असते आणि चटणीत बहुधा कोळंबीचा लगदा, हे प्रवासात लक्षात ठेवा.) चिंच, गूळ, मिरची, मीठ आणि भाजलेले दाणे. ही यादी वाचून तुम्हाला काय आठवते? मला आमच्या सासूबाईंची दाण्याची आमटी आठवते. त्या चिंचेऐवजी आमसूल घालत, एवढाच फरक. दोन्हीकडे नारळ होता, चिंच होती, गूळ होता. दाणा आला आणि दोन्हीकडच्या बायकांनी जवळजवळ सारखेच केले. म्हणून नातवाने 'ही तर आपली आमटीच' म्हटले तर त्याला रागावू नका. तो इतिहासाच्या बराच जवळ आहे.

थाई लोकांनी मात्र त्यात आपली भर घातली. एक म्हणजे नारळाचे दूध. ते नुसते घालत नाहीत, तर घट्ट दूध कढईत आटवतात, इतके की तेल सुटून वर येते, आणि त्या तेलात वाटण परततात. दुसरे, वाटणात गवती चहाचे बुंधे आणि एका खडबडीत लिंबाची साल व पाने. तिसरे, सोबत एक काकडीची कोशिंबीर देतात, आंबट-गोड. तिचे नाव 'आचात'. हा शब्द मलय भाषेतल्या 'आचार'वरून आला, आणि तो आपल्याकडे अजून वापरात असलेल्या अचाराचाच भाऊ.

शब्दांचा विषय निघाला म्हणून सांगते. थाई भाषेत जेवणाला, अन्नाला 'आहान' म्हणतात. हा आपला आहार. मुनिमहाराजांना आपण जे देतो तो आहार, तोच शब्द बँकॉकच्या हॉटेलच्या पाटीवर असतो. आणि शाकाहाराला काय म्हणतात? 'मांगसविरात'. मांस-विरती! विरती हा शब्द आपल्याला शिकवायला नको. पाली-संस्कृतातून गेलेले हे शब्द, बौद्ध भिक्षूंनी आणि ब्राह्मणांनी नेलेले. मला ते पहिल्यांदा कळले तेव्हा बराच वेळ तोच शब्द मनात घोळत राहिला. परदेशात गेलेल्या मुलांना आपण 'व्हेज' विचारायला शिकवतो, तिथे आपल्याच प्रवचनातला शब्द चालतो.

याच सॉसचा आणखी एक थाई पदार्थ आहे, त्याचे नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. 'फ्रा राम लोंग सोंग', म्हणजे श्रीरामाचे स्नान. नाळीची हिरवी भाजी उकळत्या पाण्यात बुडवून काढतात आणि वर शेंगदाण्याचा दाट सॉस घालतात. (मुळात त्यात मांसही असते, ते सोडून द्या.) थाई रामायणाला 'रामकियेन' म्हणतात. आज जे प्रसिद्ध आहे ते तिथला राजा पहिला राम, ज्याची कारकीर्द १७८२ ते १८०९, त्याच्या काळात लिहिले गेले. तिथल्या मुखवट्यांच्या नाटकात रामाचा वर्ण हिरवा असतो, लक्ष्मणाचा सोनेरी. हिरवी भाजी पाण्यात उतरली म्हणजे राम स्नानाला उतरला, अशी नावाची उपपत्ती सांगतात. प्रत्येकाने राम आपापल्या रंगात पाहिला. आपल्या परंपरेत विमलसूरींनी 'पउमचरिय' लिहिले ते महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यात रावणाचा वध राम करत नाही, लक्ष्मण करतो, आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. तो मोक्ष आपण मांगीतुंगीला मानतो, नाशिक जिल्ह्यात. ज्यांनी त्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांनी ही भाजी एकदा करून पाहावी. नाळीची भाजी मिळाली नाही तर पालक चालेल. चातुर्मासात अर्थातच नाही, तेव्हा पालेभाजी बंद.

आता धाकट्यांच्या आक्षेपाकडे येते. लसणाशिवाय थाई होत नाही, हे खरे का?

रोजच्या थाई वाटणात लसूण असतो, छोटे कांदे असतात, कोथिंबिरीची मुळे असतात, आल्याचा एक भाऊ असतो आणि कोळंबीचा लगदा असतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच थायलंडमध्ये दरवर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस एक व्रत असते. त्याला 'किन जे' म्हणतात, 'जे' खाणे. हा 'जे' ऐकायला आपल्या जैन शब्दाचा तुकडा वाटतो, पण तो चिनी आहे, व्रत-उपवास या अर्थाचा. फुकेत बेटावर ही प्रथा १८२५ पासून चालत आल्याचे सांगतात. तिथे एक चिनी नाटक मंडळी आजारी पडली, त्यांनी हे व्रत केले आणि बरी झाली, अशी कथा आहे. त्या नऊ दिवसांत मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण लसूण, कांदा, लसणाच्या पातीसारख्या दोन भाज्या आणि तंबाखू, असे पाच उग्र पदार्थही वर्ज्य. दुकानांवर पिवळ्या पताका लागतात, त्यांवर लाल अक्षर असते. मासळीच्या पाण्याऐवजी मीठ किंवा सोयाबीनचा सॉस. त्यांचे कारण आणि आपले कारण एक नाही. ते म्हणतात उग्र पदार्थांनी राग आणि वासना वाढतात. आपल्यातही असे म्हणतात, पण आपला मुख्य विचार कंदातल्या अनंत जीवांचा. त्यामुळे त्यांच्या व्रतात बटाटा-गाजर चालते, आपल्याला नाही. तरीही लसूण काढल्याने पदार्थ थाई राहत नाही, हे म्हणणे टिकत नाही. लाखो थाई लोक दरवर्षी तसाच स्वयंपाक करतात आणि त्याला थाईच म्हणतात.

तिकडे जाणाऱ्यांसाठी व्यवहाराची गोष्ट : 'मांगसविरात' म्हटले तर लसूण आणि अंडे येऊ शकते. 'जे' म्हटले तर नाही. तरीही विचारूनच घ्यावे.

आणि झटपट सॉस म्हणजे काय? बाटलीतले पीनट बटर, डब्यातले नारळाचे दूध, लिंबू, तिखट, दहा मिनिटांत तयार. हा प्रकार थायलंडचा नाही, पाश्चात्त्य घरांतला आहे. पीनट बटरचाही इतिहास मजेदार आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या मार्सेलस एडसनने १८८४ मध्ये शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर जॉन केलॉग यांनी आपल्या पद्धतीसाठी अर्ज केला. हे केलॉग स्वतः शाकाहारी होते, बॅटल क्रीक गावात त्यांचे आरोग्यधाम होते, आणि रुग्णांना मांसाऐवजी पौष्टिक काय द्यावे या विचारातून ते शेंगदाण्याकडे वळले. म्हणजे पीनट बटरच्या मुळाशीही एक शाकाहारी स्वयंपाकघर आहे. पुढे अमेरिकेत थाई लोक आले, त्यांची हॉटेले निघाली, २००२ पासून तर थायलंड सरकारनेच जगभर थाई हॉटेले वाढवण्याची योजना आखली, आणि ती चव घरी हवी असणाऱ्यांनी खलबत्त्याऐवजी बाटली उघडली. मला त्यात काही वाईट दिसत नाही. फक्त बाटली विकत आणण्याचे कारण मला समजत नाही. ज्या घरात रोज दाणे भाजून कूट होते, त्या घरात साखर आणि पामतेल घातलेला लगदा विकत कशाला आणायचा? तेच कूट मिक्सरमध्ये आणखी तीन-चार मिनिटे फिरवले की तेल सुटून लगदा होतो.

तयार थाई वाटणाच्या आणि सॉसच्या बाटल्यांबद्दल मात्र मी कडक आहे. माझ्या भाचीने परदेशातून प्रेमाने एक बाटली आणली. पुढे भाज्यांचे चित्र, मागे बारीक अक्षरांत माशाचे नाव. बॅगेतून आलेल्या बाटलीवर आपला हिरवा ठिपका नसतो. चष्मा लावून पूर्ण यादी वाचल्याशिवाय ती चौक्यात जाऊ देऊ नका.

आता कृती. चार माणसांना पुरेल.

एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून घ्या. सहा ब्याडगी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, सहा मिरीदाणे कोरडे भाजा. गवती चहाची तीन-चार पाने बुंध्याकडची बाजू घेऊन बारीक कात्रीने कापा, लांब राहिली तर दोरे तोंडात येतात. त्या खडबडीत लिंबाऐवजी आपल्या लिंबाची हिरवी साल किसून अर्धा चमचा घ्या, पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतो. आल्याच्या जागी अर्धा चमचा सुंठ, आणि पाव चमचा हळद. कोथिंबिरीच्या मुळांऐवजी कोवळ्या काड्या. हे सगळे थोड्या पाण्यात एकजीव वाटा. हिंग घालायचा मोह होतो, पण घालू नका. हिंग आला की चव सरळ आमटीकडे वळते, हे मी करून पाहिले आहे.

एका नारळाचे दूध काढा, पहिले घट्ट वेगळे आणि दुसरे पातळ वेगळे. कढईत आधी घट्ट दुधातले अर्धे घाला आणि मध्यम आचेवर ढवळत आटवा. आठ-दहा मिनिटांत ते फुटल्यासारखे दिसेल आणि कडेला तेल चमकेल. घाबरू नका, इथे दूध फुटायलाच हवे. त्या तेलात वाटण घालून वास बदलेपर्यंत परता. मग पातळ दूध, दाण्यांचा लगदा (तीन भाग लगदा, एक भाग जाडसर कूट, म्हणजे दाताखाली काही येते), लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दीड चमचा गूळ आणि मीठ. पाच मिनिटे उकळा. शेवटी राहिलेले घट्ट दूध घालून आच बंद. थंड झाल्यावर सॉस दाट होतो, म्हणून गरम असताना धिरड्याच्या पिठापेक्षा थोडा पातळ ठेवा. चव आधी गोड, मग आंबट, मग खारट आणि मागून तिखट अशी यायला हवी.

आचातसाठी काकडीच्या चकत्या, लाल मिरचीचे तुकडे, साखर-मिठाचा पाक थंड करून, त्यात सिरक्याऐवजी लिंबू. सॉस भाजलेल्या पावाबरोबर थायलंडमध्येही खातात. आमच्याकडे तो उकडलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या तव्यावर शेकून त्यांच्याबरोबर होतो, मुगाच्या धिरड्याबरोबर होतो आणि घरातल्या एका व्यक्तीकडून खाखऱ्यावर पसरूनही होतो. दाणे आणि मिरच्यांची तयारी दुपारी असली तर संध्याकाळी पंचवीस मिनिटांत होऊन सूर्यास्ताआधी ताटे वाढता येतात.

दाणे निवडताना आळस नको. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर कळले की त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशी होती, आणि तिचे विष, ज्याला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळाले, ते यकृतावर जाते. भाजल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. आपल्या आया-आज्ज्या ताटात दाणे पसरून सुरकुतलेला, काळसर, किडका दाणा वेगळा काढत, त्या जीवदयेसाठी तर करत होत्याच. तेच शोधणे इथे आपल्याही जीवासाठी लागते. खवट वासाचे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका आणि वर्षभराचा साठा पावसाळ्यात बरणीत कोंदट ठेवू नका.

नारळाच्या दुधाचा सॉस त्याच दिवशी संपवायचा. भाजलेले कूट आणि धणे-जिरे-मिरीची पूड मात्र आधी करून ठेवता येते. आम्ही त्याला पिठाचीच मर्यादा लावतो : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात.